अल-ईस, २००९: लाव्हा वर आला नाही, तरी चाळीस हजार माणसं हलवली

सौदी अरेबियाच्या वायव्य भागात, मदिना प्रांतात अल-ईस नावाचं गाव आहे. पश्चिमेला तांबडा समुद्र आणि उमलूज बंदर, दक्षिणेला यंबू, आग्नेयेला मदिना शहर. जुहैना टोळीचा हा जुना मुलूख. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, तुर्कांविरुद्ध उठलेल्या अमीर अब्दुल्लाचा तळ इथल्याच वादीत, म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रात पडला होता. एरवी वाळवंटाच्या काठचं, फारसं कुणाच्या खिजगणतीत नसलेलं गाव.

गावापासून चाळीसेक किलोमीटरवर पश्चिमेकडे हर्रात लुनय्यिर पसरलं आहे. हर्रात म्हणजे गोठलेल्या लाव्हाचं काळं, खडबडीत माळरान. अरबस्तानाच्या पश्चिम कडेला अशी अनेक माळरानं आहेत आणि त्यांचं एकूण क्षेत्रफळ सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटर भरतं. लुनय्यिर त्यांतलं एक लहानसं. त्यावर ज्वालामुखीचे पन्नासेक शंकू उभे आहेत. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांतलं कुणी ना कुणी जेद्द्याला किंवा यंबूला नोकरीला असतं, हज-उमऱ्यामुळे मदिना तर सगळ्यांच्या ओळखीची. पण हा सगळा पट्टा ज्वालामुखींचा आहे हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असतं. तिथल्याही बहुतेकांना ते २००९ मध्येच जाणवलं.

काय घडलं

१८ एप्रिल २००९ च्या सुमारास लुनय्यिरखाली लहान लहान धक्के सुरू झाले. सुरुवातीचे बहुतेक धक्के यंत्रालाच कळतील एवढेच होते. एप्रिल संपता संपता त्यांची संख्या वाढली, मेच्या मध्यावर चार रिश्टरच्या वरचे धक्के एकामागून एक बसू लागले आणि १९ मे रोजी या मालिकेतला सर्वांत मोठा धक्का बसला. सौदी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या मोजणीत तो ५.४ होता; काही जागतिक सूचींत तो ५.७ असाही नोंदला आहे. अल-ईसमधल्या इमारतींना तडे गेले. एप्रिल ते जून या काळात नोंदल्या गेलेल्या भूकंपांची संख्या तीस हजारांच्या पुढे गेली.

तीस हजार हा आकडा ऐकून दचकायला होतं, पण त्यातले बहुसंख्य धक्के माणसाला जाणवण्याच्या पलीकडचे होते. लोकांना घराबाहेर काढलं ते मोजक्या, भिंती हलवणाऱ्या धक्क्यांनी. पुढे काय होणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं, ती धास्ती वेगळीच.

सरकारने त्या भागातून सुमारे ४०,००० माणसं हलवली. अल-ईस गाव आणि आजूबाजूच्या वस्त्या रिकाम्या झाल्या आणि लोकांची रवानगी यंबू-मदिनेकडे झाली. मे-जूनमधला हिजाझचा, म्हणजे मक्का-मदिनेच्या या पट्ट्याचा, उन्हाळा म्हणजे पारा चाळिशीपार. अशा उन्हात गाव रिकामं करणं म्हणजे नुसती माणसं गाड्यांत बसवणं नव्हे. ज्याचा संसार जनावरांवर चालतो त्याला उंट-शेळ्यांना पाणी कोण पाजणार हा प्रश्न भूकंपाआधी पडतो, आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात हा प्रश्न बहुतेक वेळा तळटीपेतच असतो.

भीती कशाची होती

अधिकाऱ्यांपुढे दोन वेगवेगळ्या शक्यता होत्या. मोठा भूकंप होऊ शकत होता किंवा ज्वालामुखी फुटू शकत होता. आणि दोन्हींची तयारी एकसारखी नसते. मोठ्या भूकंपाची भीती असेल तर कच्च्या घरांतून बाहेर पडून मोकळ्यावर राहिलं तरी बरंचसं साधतं. लाव्हा येणार असेल तर तो कुठून आणि कुठल्या उतारावरून येईल हे पाहून विशिष्ट पट्टा मोकळा करावा लागतो.

लाव्हाची भीती हवेतली नव्हती, तिला जवळचा दाखला होता. ६५४ हिजरी, म्हणजे १२५६ सालच्या उन्हाळ्यात मदिनेच्या आग्नेयेला हर्रात रहातमध्ये जमीन फाटली. त्याआधी काही दिवस शहराला सतत हादरे बसत होते, लोक मशिदीत जमून प्रार्थना करत होते, हे त्या काळच्या लेखकांनी लिहून ठेवलं आहे. उद्रेक ५२ दिवस चालला आणि लाव्हाचा ओघ २३ किलोमीटर लांब वाहत शहराच्या दिशेने आला. त्या वेळच्या शहरापासून तो थोड्याच किलोमीटरवर थांबला. हिजाझमधून निघालेल्या आगीने दूर सीरियातल्या बुस्रा इथल्या उंटांच्या माना उजळतील, असं एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन आहे. पुढच्या अनेक भाष्यकारांनी ते याच उद्रेकाशी जोडलं. म्हणजे आधी हादरे आणि मग आग, हा क्रम त्या मुलखाच्या स्मृतीत होता. लुनय्यिरवरही हजारेक वर्षांपूर्वी लाव्हा वाहिल्याच्या खुणा आहेत. भूवैज्ञानिकाच्या हिशोबात हजार वर्षं म्हणजे कालचीच गोष्ट.

त्याच वसंतात दुसरीकडे काय घडलं होतं, तेही बघायला हवं. इटलीतल्या लाक्विला शहराला महिनोन्महिने लहान धक्के बसत होते. ३१ मार्च २००९ ला तज्ज्ञांची बैठक झाली, लोकांपर्यंत पोचला तो दिलासा, आणि ६ एप्रिलच्या पहाटे आलेल्या भूकंपात तीनशेच्या वर माणसं गेली. पुढे तज्ज्ञांवर खटला चालला, २०१२ मध्ये शिक्षा झाली आणि २०१४ मध्ये अपिलात बहुतेक जण सुटले. खटला नंतरचा, पण लाक्विलाची बातमी अल-ईसची मालिका सुरू होण्याच्या बाराच दिवस आधीची. सौदी अधिकाऱ्यांच्या मनात ती होती असा दावा मी करणार नाही. एवढंच म्हणतो, की एप्रिल-मे २००९ मध्ये जगातल्या कुठल्याही भूकंपशास्त्रज्ञाला ‘काही होणार नाही, घरी झोपा’ असं सांगायची छाती झाली नसती.

जमिनीखाली काय चाललं होतं

सौदी सर्वेक्षणाने लुनय्यिरच्या आसपास नवी भूकंपमापक केंद्रं बसवली. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा ज्वालामुखी आपत्तींत इतर देशांना मदत करणारा गट त्यांच्या सोबतीला आला. या मंडळींनी तीन प्रकारचे पुरावे एकत्र ठेवले आणि त्यातून निदान झालं. मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते मुख्यतः या निदानासाठी.

पहिला पुरावा डोळ्यांना दिसणारा. काळ्या माळरानातून वायव्य-आग्नेय दिशेने एक भेग उघडली होती. तिची लांबी ८ किलोमीटर, आणि जिथे सर्वांत जास्त सरकण झाली तिथे तिच्या एका बाजूची जमीन दुसरीपेक्षा ९१ सेंटीमीटर खाली गेली होती. म्हणजे काल सपाट असलेल्या वाळूत आज कमरेएवढी पायरी. ५.४ च्या भूकंपाला एवढी मोठी भेग शोभत नाही. या आकाराच्या भूकंपात बहुतेकदा जमिनीवर काहीच दिसत नाही. इथेच शंका यायला हवी होती आणि ती आली. भूकंपाने जमीन फाडली, की दुसरंच काहीतरी जमीन फाडत होतं आणि भूकंप त्याचा नुसता आवाज होता?

दुसरा पुरावा उपग्रहांचा. युरोपचा एन्व्हिसॅट उपग्रह एकाच ठिकाणावरून वेगवेगळ्या दिवशी जाताना रडारचे तरंग खाली सोडायचा आणि परत आलेले तरंग टिपायचा. दोन दिवसांच्या नोंदी एकमेकींवर ठेवल्या की मधल्या काळात जमीन किती हलली ते रंगीत पट्ट्यांत उमटतं. एका पट्ट्यापासून पुढच्या पट्ट्यापर्यंत गेलं की उपग्रह आणि जमीन यांच्यातलं अंतर २.८ सेंटीमीटरने बदललं असं समजायचं. वाळवंट या कामाला फार सोयीचं. झाडं नाहीत, शेतं नाहीत, पाऊस नाही, त्यामुळे चित्र स्वच्छ येतं. लुनय्यिरच्या चित्रात पट्टे दाटीवाटीने उमटले होते. मधला लांबट तुकडा खचला होता, त्याच्या दोन्ही अंगांची जमीन उचलली गेली होती आणि दोन्ही बाजू एकमेकींपासून दूर सरकल्या होत्या.

या आकृतीचं एक सरळ उत्तर आहे. लाकडाच्या ओंडक्यात पाचर ठोकली की ओंडका दोन्हीकडे फाकतो. तसाच शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, खोलातून उभ्या, पातळ भिंतीच्या रूपात वर घुसतो तेव्हा खडक दोन्ही बाजूंना रेटला जातो. भिंतीच्या माथ्यावरची जमीन ताणली जाते आणि ताणलेला मधला भाग खाली बसतो. या घुसलेल्या भिंतीला डाइक म्हणतात. हिशोब मांडल्यावर लुनय्यिरखालचा डाइक सुमारे १० किलोमीटर लांबीचा निघाला. तो पृष्ठभागाच्या अगदी जवळ येऊन पोचला होता.

डाइक कसा दिसतो हे बघायला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून सरळ रेषेत किलोमीटरच्या किलोमीटर धावणारे काळ्या दगडाचे अरुंद उंचवटे दिसतात, ते डाइकच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत होता, त्या काळात ते जमिनीखाली घुसले आणि आजूबाजूचा खडक झिजून गेल्यावर उघडे पडले. अल-ईसजवळ २००९ मध्ये तयार झाली ती त्याच घराण्यातली ताजी भिंत, फक्त अजून जमिनीखाली.

तिसरा पुरावा भूकंपाच्या तरंगांतच होता, आणि मला तो सगळ्यांत देखणा वाटतो. भूकंपमापकावर उमटलेल्या काही नोंदींत दोन आवाज एकावर एक चढलेले दिसले. एक अतिशय संथ, लांब लाटेसारखा. आणि त्याच्या पाठीवर बारीक, टोकदार, वेगवान कंपनं. शास्त्रज्ञांनी लावलेला अर्थ असा: संथ भाग म्हणजे शिलारसाचं घुसणं, आणि टोकदार भाग म्हणजे त्या रेट्याने खालच्या जुन्या स्फटिकी खडकाचं फुटणं. एकाच क्षणी, एकाच जागी, दोन्ही.

निदान पक्कं झालं. हे सगळं शिलारसाचं काम होतं.

इथे एक प्रश्न उरतो, की समुद्राच्या तळाशी असलेली मुख्य भेग सोडून शिलारस इतक्या आत जमिनीखाली का घुसला? आफ्रिका आणि अरबस्तान गेली सुमारे तीन कोटी वर्षं एकमेकांपासून दूर जात आहेत आणि त्या फटीतच तांबडा समुद्र आहे. हा वेग वर्षाला साधारण एक-दीड सेंटीमीटर. शाळेतल्या आकृतीत सगळी फाकाफाक समुद्राच्या मधल्या रेषेवर होते. लुनय्यिरने दाखवलं की ताण काठावरच्या जमिनीतही साठतो आणि तिथेही मोकळा होतो. नवा डाइक वायव्य-आग्नेय, म्हणजे साधारण समुद्राच्या रेषेतच पडला, तो योगायोग नव्हता. जमीन इथे काही आठवड्यांत एवढी फाकली, की रोजच्या संथ गतीने तेवढं व्हायला शंभरेक वर्षं लागली असती.

परतीचा निर्णय

माणसं हलवण्याचा निर्णय मोठा खरा, पण त्यात एक सोय असते: भीती सगळ्यांना दिसत असते. परत पाठवण्याचा निर्णय अवघड. जूनमध्ये धक्के कमी झाले, तंबूत आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारे लोक ‘आता कधी?’ विचारू लागले की अधिकाऱ्याच्या हातात काय असतं? धक्के कमी होणं हा स्वतःहून पुरावा नाही.

ते आपण किल्लारीत पाहिलं आहे. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारीच्या परिसरात लहान धक्क्यांची मालिका चालली होती. ऑक्टोबरमध्ये त्यातला एक चारच्या आसपासचाही होता. मग मालिका ओसरली आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपलेली असताना, ६.२ चा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. शांतता म्हणजे धोका टळला असा हिशोब तिथे सपशेल चुकला.

मग अल-ईसला परत जा असं कशाच्या बळावर सांगायचं? माझ्या मते उत्तर धक्क्यांच्या संख्येत नव्हतं, कारण कळण्यात होतं. किल्लारीखाली काय चाललंय हे तेव्हा कुणाला सांगता येत नव्हतं. साधने तोकडी होती आणि तो भाग भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजला जात होता. लुनय्यिरला भेग, उपग्रहाची चित्रं आणि तरंग, तिन्ही एकच गोष्ट सांगत होते. आणि कारण डाइक असेल तर पुढचे काही अंदाज त्यातून आपोआप निघतात.

डाइक खडकाला भूकंप न करताही फाकवतो, त्यामुळे ताणाचा बराचसा भाग आवाज न होता मोकळा होतो. इथिओपियाच्या अफारमध्ये सप्टेंबर २००५ मध्ये ६० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ८ मीटर रुंद डाइक घुसला, लुनय्यिरच्या कितीतरी पट मोठा. तरी त्यातले सर्वांत मोठे धक्के सहाच्या खालीच राहिले. म्हणजे लुनय्यिरला सातचा भूकंप ही भीती, अशक्य नसली तरी, पहिल्या दिवसांत वाटली तेवढी मोठी नव्हती.

दुसरं, डाइक थांबला की तो गार व्हायला लागतो. एक-दोन मीटर जाडीची भिंत गार खडकात काही आठवड्यांत गोठू लागते. खालून नव्या शिलारसाचा पुरवठा होत नसेल तर तो डाइक पुढे वर येण्याची शक्यता दिवसागणिक घटते. पुरवठा चालू आहे का हे कळायला उपग्रह होते: जमीन अजून फुगतेय की थांबली? धक्के नुसते कमी होतायत की ते वर, पृष्ठभागाकडे सरकतायत? या प्रश्नांची उत्तरं मिळत गेली तसा उद्रेकाचा आणि मोठ्या भूकंपाचा अंदाज वर्तवता आला, आणि त्या अंदाजाच्या आधारे सरकारने लोकांना घरी जाऊ दिलं.

अंदाज बरोबर ठरला. लाव्हा आला नाही, मोठा भूकंपही झाला नाही. पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी हे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध केले.

मग उगाच हलवलं का?

अशा प्रकरणानंतर हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याला मूर्ख ठरवून चालणार नाही. ज्यांचं घर, दुकान, गुरं महिना-दोन महिने सुटली त्यांना ‘तुम्ही वाचलात’ सांगून भागत नाही, कारण कशापासून वाचलो हे त्यांनी पाहिलेलंच नाही. माझा कौल तरीही हलवण्याच्या बाजूने आहे. १९ मेच्या धक्क्यानंतर निदान अर्धवट होतं, डाइक पृष्ठभागाजवळ होता, आणि अल-ईसची घरं अशा हादऱ्यांसाठी बांधलेली नव्हती. अशा वेळी चूक करायचीच असेल तर ती या बाजूला झालेली परवडते.

माझं खटकणं वेगळं आहे. ज्या भागाखाली शिलारस हलू शकतो, ज्याच्या शेजारच्या माळरानात १२५६ चा एवढा नीट नोंदलेला उद्रेक झाला, तो भाग २००९ पर्यंत भूकंपाच्या दृष्टीने शांत मानला जात होता. लुनय्यिरच्या अंगणात पुरेशी यंत्रं संकट सुरू झाल्यावर पोचली. पालघरला २०१८ च्या शेवटी डहाणू-तलासरीकडे धक्के सुरू झाले तेव्हाही जास्तीची भूकंपमापकं नंतरच नेऊन बसवावी लागली, तेव्हा हे सौदीचंच दुखणं आहे असं म्हणायला आपल्याला तोंड नाही.

सौदीने पुढे काम केलं, हे मात्र खरं. भूकंपमापकांचं जाळं वाढवलं गेलं. अमेरिकी सर्वेक्षणाच्या सोबतीने मदिनेजवळच्या हर्रात रहातचा तपशीलवार अभ्यास हाती घेतला गेला: कुठला लाव्हा कधी वाहिला, किती वर्षांनी उद्रेक होतात, भेगा कुठल्या दिशेने उघडतात. या कामाची निकड उघड आहे. मदिनेखालीही १९९९ मध्ये लहान धक्क्यांची एक मालिका झाली होती, आणि आज त्या शहराची वस्ती दहा लाखांच्या पुढे आहे. काही मोहल्ले तर जुन्या लाव्हावरच उभे आहेत. अल-ईसच्या बाबतीत चाळीस हजार माणसं, एक बंदर आणि एक मोठं शहर हाताशी होतं. मदिनेखाली असा डाइक हजच्या दिवसांत घुसला तर स्थानिकांत लाखो पाहुणे मिळवावे लागतील, त्यांतल्या बहुतेकांना ना रस्ते ठाऊक ना भाषा, आणि अल-ईसच्या लोकांना ज्या शहराने थारा दिला तेच शहर रिकामं करावं लागेल. शिवाय शिलारस किती दिवसांची मुदत देईल याला नियम नाही: १२५६ मध्ये हादरे सुरू झाल्यापासून जमीन फाटेपर्यंत गेले ते मोजकेच दिवस.